पिवळा स्टिकर

तर मी स्पीडबोट तीन महिने आधी बुक केली होती. हे मी सगळ्यांना सांगते, कुणी विचारलेलं नसताना पण सांगते, कारण त्या दिवशी जे झालं त्यानंतर अभिमानाने सांगावं असं माझ्याकडे तेवढंच उरलंय. थायलंडच्या अंदमान समुद्राच्या बाजूला को लांता नावाचं बेट आहे, तिथून दक्षिणेला पार मलेशियाच्या हद्दीजवळ को लिपे. 'को' म्हणजेच बेट, त्यामुळे 'को लिपे बेट' म्हणणं म्हणजे पिवळं पीतांबर झालं, पण आम्ही अख्खी ट्रिप तसंच म्हणत होतो.

नवऱ्याचं म्हणणं होतं की जेटीवर जाऊ, तिकीट काढू, बसू. ह्या माणसाचं सगळं आयुष्य असंच चालतं आणि वाईट म्हणजे नीट चालतं. मी म्हटलं अरे सीझन आहे, नोव्हेंबर ते एप्रिल एवढेच महिने ह्या बाजूचा समुद्र शांत असतो, मे पासून मोसमी वारे सुरू झाले की ह्यातल्या कितीतरी बोटी बंदच असतात, म्हणजे सगळं जग ह्याच सहा महिन्यात तिथे लोटणार. मग मी बसून चौदा साईट बघितल्या, रिव्ह्यू वाचले, ट्रान्सफर बुक केलं, तीन पानी व्हाउचर आलं, ते कलर प्रिंट काढून प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलं, आणखी एक प्रत बॅगेत, एक फोनमध्ये. त्यावर क्यूआर कोड होता. त्या क्यूआर कोडकडे आजतागायत कोणीही बघितलेलं नाही.

व्हाउचरवर लिहिलं होतं, पिकअप ८ ते ९, लॉबीत तयार राहा. मी पावणेआठला बॅगेवर बसून तयार. उलटीची गोळी प्रवासाच्या तासभर आधी घ्यायची असते म्हणून हिशोबाने साडेआठला घेतली. गाडी आली नऊ वीसला. गाडी म्हणजे पिकअप ट्रकच, मागे समोरासमोर दोन बाकडी आणि वर छप्पर, त्यात आधीच नऊ माणसं आणि त्यांच्या गुडघ्यांवर सामान. मग ती गाडी लांताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलात शिरायला लागली, आणि प्रत्येक ठिकाणी एक जोडपं असं निघायचं जे पावणेआठपासून बॅगेवर बसलेलं नव्हतं, जे ओल्या केसांनी टोस्ट खात खात सावकाश यायचं. उत्तरेच्या टोकाला सालादानच्या जेटीवर पोचेपर्यंत गोळीने आपलं काम सुरू केलं होतं. ह्या गोळीने मळमळ थांबते आणि झोप येते. इथे मळमळ नव्हतीच, त्यामुळे सगळी ताकद झोपेला मिळाली. बोट साडेदहाची होती, सुटली सव्वा अकराला, आणि तो पाऊण तास मी जेटीवरच्या बाकावर फोल्डर छातीशी धरून तोंड उघडं टाकून झोपले होते असं नवरा म्हणतो, त्याच्याकडे फोटो आहे.

पण त्याच्या आधी काउंटर झाला ना. तिथे एक मुलगी बसलेली. मी फोल्डर पुढे केला. तिने तो दोन बोटांनी बाजूला सरकवला, शंभर पानी वही उघडली, त्यात बॉलपेनने लिहिलेल्या नावांवरून बोट फिरवलं, एका नावावर थांबली जे माझं नाव असू शकत होतं, कुणाचंही असू शकत होतं, त्यावर टिक केली आणि काही कळायच्या आत उठून माझ्या खांद्याखाली एक पिवळा गोल स्टिकर थाप्पकन चिकटवला. त्यावर मार्करने लिहिलेलं, लिपे. नवऱ्यालाही एक. बॅगांनाही एकेक. बस. तीन महिने, चौदा साईट, तीन पानं, आणि त्याचं झालं काय तर अंगावर एक स्टिकर, बॅगेसारखाच.

खरं सांगायचं तर सिस्टिम चांगली आहे. बोट एकच आणि वाटेत थांबे चार-पाच, ङाय, मुक, क्रादान, बुलोन आणि शेवटी लिपे. प्रत्येक बेटाचा रंग वेगळा. बोटीवरच्या पोरांना इंग्रजी जेमतेम, प्रवाशांना थाई शून्य, मग बोलायचंच कशाला? रंग बघा, उचला, उतरवा. फक्त ह्यात एक बारीकशी अट आहे, ती म्हणजे स्टिकर जागेवर पाहिजे.

चपला काढून प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये टाकायच्या. लग्नाच्या हॉलबाहेर असते तशी रास, फक्त ही समुद्रात चालली होती. बोटीवर चढताना एका पोराने माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं, आणि अतिशय काळजीने विचारलं, "बेबी?" गरोदर बायकांना आणि पाठीचं दुखणं असलेल्यांना स्पीडबोटीत घेत नाहीत, नियम बरोबरच आहे. मी म्हटलं नो बेबी, ब्रेकफास्ट. नवरा मागून खोकला.

आता बसायचं कुठे? तर मी, प्लॅनिंगवाली बाई, धावत जाऊन सगळ्यात पुढे बसले. व्ह्यू! मागे बसलेली लोकं आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती तिचा अर्थ मला दहा मिनिटांनी कळला. स्पीडबोटीचं असं असतं की मागच्या तीन इंजिनांनी जोर धरला की ती पाण्यातून जातच नाही, पाण्यावर चढते आणि नाक वर करून पळत सुटते. एका लाटेवरून निघते, पुढची लाट यायच्या आधी मध्ये काहीच नसतं, आणि मग जी खाली येते ती पुढच्या अंगावर येते. मागे इंजिनाचं वजन असतं, तिथे हलकं हलतं. पुढे आदळतं. पहिल्या आदळीला सगळे हसले, होऽऽ वगैरे ओरडले. पाचव्या आदळीला माझे दात दातांवर आपटले. विसाव्या आदळीला बोटीत शांतता, फक्त इंजिनाचा आवाज आणि मागे कुणीतरी प्लॅस्टिकची पिशवी उघडल्याची सरसर. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता, सीझन सुरू झाला हे पर्यटन खात्याला माहीत होतं, समुद्राच्या कानावर अजून गेलेलं नव्हतं.

मी वाचलं होतं की कानातलं द्रव सांगतं आपण हलतोय आणि डोळे सांगतात समोरची सीट तर स्थिर आहे, ह्या भांडणात पोट ढवळतं, म्हणून क्षितिजाकडे बघत राहायचं. मी बघत होते. दोन सेकंद क्षितिज, दोन सेकंद आभाळ, दोन सेकंद नवऱ्याचं ढोपर.

पहिला थांबा को ङाय. इथे मी जरा खूष झाले, कारण क ख ग घ नंतरचा तो ङ, ज्याचा वाङ्मय सोडून कुठेच उपयोग झाला नाही, त्याच्यावर एक आख्खं बेट निघालं. गोरी मंडळी 'नाय', 'हाय', 'एनगाय' असं काय काय म्हणत होती, मी एकटीने ऐटीत ङाय म्हटलं. कोणी लक्ष दिलं नाही, पण बालवाडीतल्या बाईंचं ऋण फिटलं. बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब शेपटीची लाकडी होडी, लाँगटेल, शेजारी येऊन लागते आणि तिच्यात निळे स्टिकरवाले आणि निळ्या स्टिकरच्या बॅगा उतरवतात. तेवढ्यात नवरा त्या लाँगटेलच्या नाकावर पाय ठेवून फोटो काढायला निघाला. तिथे रंगीत कापडं आणि फुलांचे हार बांधलेले असतात, होडीची राखणदार देवी, मे या नांग, तिथे राहते असं ते मानतात. होडीवाल्याचा चेहरा जो बदलला तो बघून नवऱ्याने पाय जो मागे घेतला तो थेट माझ्या पायावर.

इथून पुढचा भाग नीट वाचा. ङाय ते मुक ह्या पट्ट्यात एक लाट बाजूने आत आली आणि मी केसापासून नखापर्यंत भिजले. वर घातलेला शर्ट काढून पिळला, परत घातला, लाइफ जॅकेट परत चढवलं. नवऱ्याने बघितलं की माझ्या अंगावर स्टिकर नाही. आता लग्नाच्या अकरा वर्षात हा माणूस स्वतःहून कधी काही उचलून जागेवर ठेवत नाही. त्या दिवशी त्याला काय बुद्धी झाली कोण जाणे, खाली वाकला, सीटखालून एक ओला स्टिकर उचलला, शर्टाला पुसला आणि माझ्या जॅकेटवर छातीपाशी चिकटवला. "अगं तुझा पडला होता. बघ, मी नसतो तर." मी थँक्यू पण म्हटलं. अक्षरं पाण्याने फिसकटलेली, रंग पिवळा असावा. जॅकेट नारिंगी, त्यावर तो धड दिसतही नव्हता.

मुक आलं. बोट थांबली. पोरगा ओरडला, "मुक! मुक!" माझ्या अंगावरून नजर फिरवली, थांबला, विचारलं, "यू बॅग?" मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. साडेतीन तासांच्या प्रवासात कुणीतरी माझ्या बॅगेची चौकशी केली. मी अंगठा वर करून म्हटलं येस, ब्लू, बिग, आणि बोटाने दाखवली पण. त्याने ती उचलली. मी कौतुकाने बघतेय. त्याने ती शेजारच्या लाँगटेलमध्ये उतरवली. मी अजून बघतेच आहे. मग त्याने मला हात दिला आणि म्हणाला, "मॅडम, मुक, गो गो."

मी म्हटलं नो मुक. तो म्हणाला मुक. मी म्हटलं लिपे. त्याने माझ्या छातीवरच्या स्टिकरवर लांबून बोट रोखलं, "ऑरेंज. मुक." मी फोल्डर काढला! शेवटी ह्याच क्षणासाठी तर काढला होता तो! लपलपणारं पहिलं पान, माझं नाव, तारीख, 'लिपे' ठळक अक्षरात, सगळं त्याच्या नाकासमोर धरलं. त्याने पानाकडे बघितलं, स्टिकरकडे बघितलं, आणि स्टिकरच्या बाजूने निकाल दिला. लाँगटेलवाला इंजिन चालू करून बसलेला, माझी बॅग त्यात, बोटीतले चाळीस लोक उन्हात, उलटीच्या पिशव्या हातात धरून माझ्याकडे बघतायत, आणि मी पहिल्यांदाच अक्षरशः मूक. नवरा उठला, स्वतःचा पिवळा दाखवत ओरडायला लागला, "वाइफ! माय वाइफ! सेम सेम!" पोराने दोन्ही स्टिकर निरखले. सेम सेम नव्हते. त्याच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की बाबा, तुमच्या घरगुती गोष्टीत मला पाडू नका.

ह्या गोंधळात आमच्या मागच्या सीटवरचे एक उंच, पांढऱ्या दाढीचे आजोबा जागे झाले. इतका वेळ त्या आदळआपटीत ते गाढ झोपले होते, गोळीची वेळ त्यांची बरोबर जमली असणार. त्यांनी डोळे चोळले, बाहेर बघितलं आणि शांतपणे विचारलं, "इज धिस मुक?" मग स्वतःच्या शर्टावर हात फिरवून काहीतरी शोधायला लागले.

मी हळूच नवऱ्याकडे बघितलं. नवरा क्षितिजाकडे बघत होता.

स्टिकर मी स्वतःच्या हाताने काढून आजोबांना लावला. ते म्हणाले, यू आर व्हेरी काइंड. माझी बॅग वर आली, त्यांची खाली गेली.

क्रादान, बुलोन कधी आले कधी गेले कळलं नाही, आम्ही बोलत नव्हतो. पुढे डावीकडे लांबवर तारुताओ दिसलं तेव्हा समेट करायचा म्हणून नवऱ्याने माहिती द्यायला सुरुवात केली, की इथे पूर्वी कैद्यांची वसाहत होती, दुसऱ्या महायुद्धात रसद तुटली तेव्हा कैदी आणि पहारेकरी मिळून चाचे झाले आणि येणारी-जाणारी जहाजं लुटायला लागले, शेवटी १९४६ मध्ये ब्रिटिशांनी ते मोडून काढलं, आणि आता १९७४ पासून नॅशनल पार्क आहे. मी म्हटलं, त्यांनी पण आधी लोकांचे स्टिकरच चोरले असतील. मग तो हसला, मग मीही हसले, हसताना बोट आदळली आणि माझी जीभ चावली गेली.

लिपेला आमची बोट समुद्रातल्या तरंगत्या प्लॅटफॉर्मला लागली. तिथून किनाऱ्यापर्यंत परत लाँगटेल, माणशी ५० बाट वेगळे. व्हाउचरच्या तिसऱ्या पानावर तळाला बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं, म्हणजे निदान एक माहिती तरी त्या कागदावरची खरी निघाली. उतरायला मी पाठमोरी झाले तर तोच पोरगा खो खो हसायला लागला आणि म्हणाला, "ओके मॅडम! लिपे! लिपे ओके!" मला वाटलं, चला, मनात काही ठेवलं नाही बिचाऱ्याने. मीही हात हलवला.

किनाऱ्यावरून वॉकिंग स्ट्रीट, म्हणजे लिपेचा मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं, मसाजवाल्या बायका बाहेर बसलेल्या, त्या सगळ्या आम्हाला बघून इतक्या प्रसन्न हसत होत्या की मी नवऱ्याला म्हटलं बघ, ह्या देशाला हसऱ्या लोकांचा देश म्हणतात ते उगीच नाही. नवरा बॅगा ओढत पुढे चालला होता. पंधरा मिनिटं चाललो, भर दुपारी. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने चावी देताना अगदी सभ्यपणे, दोन्ही हातांनी, एक टिश्यू पेपर पुढे केला आणि माझ्या कमरेखाली मागच्या बाजूला नजर टाकून लगेच काढून घेतली.

मी हात मागे नेला. पिवळा होता. मी त्याच्यावर बसले होते, ङायपासून.