कर्ली खाडीतील कयाक आणि स्पीडबोटींचा वेग

तारकर्ली-देवबागला जाऊन आलेल्यांना कर्ली खाडी चांगली ठाऊक आहे. संगमाकडे पर्यटक नेणाऱ्या बोटी, जेट स्की, बनाना राईड ओढणाऱ्या स्पीडबोटी आणि कांदळवनाच्या कडेने जाणारे कयाक (वल्ह्याने चालवायच्या छोट्या, अरुंद होड्या) हे सगळे तिथे एकाच पाण्यात वावरतात. कयाकवाल्यांच्या सुरक्षेचा विषय निघाला की चर्चा लाइफ जॅकेटपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. जॅकेट हवेच, याबद्दल दुमत नाही; परंतु ते माणूस पाण्यात पडल्यावर कामी येते. धडकच होऊ नये असे वाटत असेल, तर कयाक असलेल्या अरुंद पाण्यात बोटींच्या वेगावर मर्यादा घालणे आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणे, याला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

ताशी 6 किलोमीटर वेगाने वल्हवणाऱ्याला शंभर मीटर रुंदीचा बोटींचा मार्ग ओलांडायला एक मिनिट लागते. ताशी 40 किलोमीटर वेगाने येणारी बोट तेवढ्याच वेळात साडेसहाशे मीटरहून अधिक अंतर कापते. त्यामुळे निघताना पाणी मोकळे दिसले, तरी वळणाआड असलेली बोट कयाकवाला मध्यावर पोहोचेपर्यंत त्याच्या अंगावर येऊ शकते. त्यातच कयाकमध्ये बसलेल्या माणसाचे डोके पाण्यापासून जेमतेम मीटरभर उंच असते, आणि स्पीडबोट वेग घेऊ लागली की तिची पुढची बाजू उचलली जाऊन चालकाला नेमके समोरचेच पाणी काही क्षण दिसत नाही.

उन्हाचाही विचार करायला हवा. 30 ऑगस्ट 2016 रोजी न्यूयॉर्कच्या हडसन नदीत धक्क्यावरून नुकतीच निघालेली प्रवासी फेरीबोट कयाकच्या एका गटावर आदळली आणि तिघे जखमी झाले. डोळ्यांवर आलेल्या सूर्यप्रकाशामुळे कप्तानाला समोरचे नीट दिसले नव्हते. आपल्याकडे तर सूर्यास्त पाहायला म्हणून संध्याकाळीच सर्वाधिक लोक पाण्यावर असतात.

वल्ह्याच्या होडीला इंजिनाच्या बोटीने नेहमीच वाट द्यायची असते, असा एक समज आहे. समुद्रातील धडका टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत शिडाच्या होडीला तसा अग्रक्रम आहे, पण वल्ह्याच्या होडीचा त्या क्रमात उल्लेखच नाही. मात्र सतत नजर ठेवणे आणि परिस्थितीला साजेसा सुरक्षित वेग राखणे ही त्याच नियमांतील बंधने प्रत्येक नौकेला लागू आहेत. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबई बंदरात चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जणांचे प्राण गेले. शंभराहून अधिक माणसे असलेली एवढी मोठी बोट जिथे धडकेतून वाचली नाही, तिथे प्लास्टिकच्या कयाकचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

बोटचालकांपैकी अनेक जण कयाक दिसल्यावर वेग थोडा कमी करतात. त्यांचा हेतू चांगला असतो, परंतु अर्धवट वेगात बोट पाण्यात खोल बसते आणि पूर्ण वेगापेक्षाही मोठी लाट उठवते, आणि नवशिक्याला उलटवायला तीच लाट पुरेशी असते. म्हणून वेग लांबूनच आणि अगदी चालण्याइतका खाली आणायला हवा. हे चालक आपल्याच गावांतले आहेत आणि हंगामावर त्यांचे घर चालते, याची मला जाणीव आहे. फेरीमागे दोन-चार मिनिटे वाढल्याने त्यांचा धंदा बुडणार नाही.

कयाकवाल्यांनीही काठ धरून राहावे, मार्ग गटाने आणि सरळ रेषेत ओलांडावा, गळ्यात शिट्टी ठेवावी आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे माझी मागणी अशी आहे की, पावसाळ्यानंतर जलक्रीडा पुन्हा सुरू होण्यापूर्वी खाडीतील कयाकचा पट्टा तरंगत्या बोयांनी आखून द्यावा, त्यालगतची वेगमर्यादा प्रत्येक जेट्टीवर मराठीत लावावी आणि ती मोडणाऱ्या बोटीचा परवाना त्या हंगामापुरता थांबवावा.