‘टॉप हॅट’मधली गाणी उपरी नाहीत

हॉलिवूडच्या आरकेओ या चित्रपट कंपनीने १९३५ साली काढलेल्या ‘टॉप हॅट’ या कृष्णधवल संगीतप्रधान विनोदी चित्रपटाविषयी एक मत समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. त्याचा सारांश असा: कथानक हे केवळ निमित्त असून गाणी कुठेही बसवता येण्याजोगी आहेत, नायकाचे काम करणारे नर्तक-नट फ्रेड अ‍ॅस्टेअर यांना गाता येत नव्हते आणि तसे त्यांच्या पहिल्या कॅमेरा-चाचणीच्या अहवालातच लिहिले होते, अ‍ॅस्टेअर यांनी जे केले ते सारे नायिका जिंजर रॉजर्स यांनी उलट्या पावलांनी आणि उंच टाचांचे बूट घालून केले, आणि उरलेले नट म्हणजे दोन नाचांमधली नुसती भरती. चित्रपट समोर ठेवून तपासले, तर यातले फारच थोडे टिकते.

अहवालाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. ‘गाता येत नाही, अभिनय येत नाही, टक्कल पडू लागले आहे, थोडेफार नाचतो’ हे वाक्य सर्वत्र छापले जाते. मात्र ती चाचणीही आज उपलब्ध नाही आणि तो अहवालही नाही. स्वतः अ‍ॅस्टेअर यांनी १९८० मधल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत जो मजकूर सांगितला, त्यात अभिनयाचा, टक्कलाचा आणि नाचाचा उल्लेख होता, गाण्याचा नव्हता. उलट, आरकेओचे तेव्हाचे निर्मितीप्रमुख डेव्हिड सेल्झनिक यांचे जानेवारी १९३३ मधले टिपण प्रसिद्ध आहे. चाचणी वाईट झाली, कान मोठे आहेत, हनुवटी चांगली नाही, असे सगळे लिहूनही या माणसाची मोहिनी त्यातून जाणवते, असे ते म्हणतात. शिवाय तोवर अ‍ॅस्टेअर ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, गर्श्विन बंधू आणि कोल पोर्टर या गीत-संगीतकारांची गाणी गाऊन नावारूपाला आलेले होते. त्यांचा आवाज लहान होता हे खरे. पण शब्द स्वच्छ उच्चारण्याची आणि तालाशी खेळण्याची त्यांची हातोटी मोठ्या आवाजाच्या अनेक गायकांकडे नव्हती.

खरा वाद गाण्यांच्या जागेचा आहे. गीतकार-संगीतकार अर्व्हिंग बर्लिन यांनी या चित्रपटासाठी लिहिलेल्या पाच गाण्यांपैकी पहिले ‘नो स्ट्रिंग्ज’. नायक जेरी हा लंडनच्या एका हॉटेलात, हॉरेस हार्डविक या आपल्या निर्मात्याच्या खोलीत, रात्री हे गाणे म्हणत टॅप नाच, म्हणजे बुटांच्या ठोक्यांवरचा नाच, करतो. त्या आवाजाने खालच्या खोलीतल्या डेलची झोप मोडते, ती तक्रार करायला वर येते आणि नायक-नायिकेची गाठ पडते. ती परत गेल्यावर जेरी जमिनीवर वाळू पसरून तिला झोप यावी अशा बेताने हळुवार नाचतो. हे गाणे काढून टाकले तर या दोघांची भेट होण्याचे कारणच उरत नाही.

दुसरे गाणे, ‘इझन्ट धिस अ लव्हली डे’, उद्यानातल्या बँडस्टँडमध्ये, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या छत्रीवजा मंडपात, पावसात अडकलेल्या या दोघांचे आहे. डेल आधी त्याच्याकडे पाठ करून बसते, मग त्याच्या चालीची नक्कल करते, मग त्याला आव्हान देते, आणि नाच संपतो तो हस्तांदोलनाने. संवादांतून हे साधायला तीन-चार प्रसंग खर्ची पडले असते.

‘चीक टू चीक’ येईपर्यंत गैरसमज पुरता रुजलेला असतो. जेरी हाच हॉरेस, म्हणजे आपली मैत्रीण मॅज हिचा नवरा, अशी डेलची समजूत आहे, आणि व्हेनिसच्या लिडो या किनाऱ्यावर खुद्द मॅजच या दोघांना नाचण्याचा आग्रह करते आहे. त्यामुळे अ‍ॅस्टेअर गात असताना एक शब्दही न म्हणणाऱ्या रॉजर्स यांच्या चेहऱ्यावर ओढ आणि अपराधी भाव दोन्ही दिसतात. नाच संपताच जेरी लग्नाची मागणी घालतो आणि डेल त्याच्या थोबाडीत मारते. माझ्या मते संपूर्ण चित्रपटाचा कळसबिंदू हाच आहे. बर्लिन यांची रचनाही प्रसंगाला साजेशी आहे: नेहमीच्या ३२ मात्राखंडांऐवजी ७२ खंडांचे हे लांब गाणे दोन वेगळी वळणे घेऊन मूळ चालीवर परतते, आणि नाचाला फुलायला अवकाश देते.

शीर्षकगीत मात्र रंगमंचावरचा प्रयोग म्हणूनच येते. छडीची बंदूक करून मागच्या पुरुषवृंदाला टिपण्याची कल्पना अ‍ॅस्टेअर यांनी १९३० मधल्या ‘स्माइल्स’ या ब्रॉडवे प्रयोगातून आणली होती. शेवटचे ‘द पिकोलिनो’ हे गाणेही बरेचसे थाटामाटासाठीच आहे. म्हणजे ‘कुठेही बसवता येणारी गाणी’ हा आरोप पाचांपैकी दोन गाण्यांना लागू पडतो, तीन गाण्यांना नाही.

उलट्या पावलांचे वाक्य रॉजर्स यांच्या नावावर खपवले जाते, पण ते बॉब थेव्ज यांच्या ‘फ्रँक अँड अर्नेस्ट’ या व्यंगचित्रमालिकेत १९८२ साली आले. त्यामागचा हेतू स्त्रीच्या बाजूचा असला, तरी बँडस्टँडच्या नाचात रॉजर्स घोडेस्वारीच्या पोशाखात, विजार घालून, बहुतेक वेळ अ‍ॅस्टेअर यांच्या शेजारी उभ्या राहून त्याच दिशेने नाचतात, हे त्या वाक्यात हरवते. त्यांना केवळ अनुयायी ठरवणारी ही स्तुती मला कद्रू वाटते. ‘चीक टू चीक’मधला पिसांचा पोशाख त्यांनी हट्टाने घातला; पिसे गळून अ‍ॅस्टेअर वैतागले, तरी त्या मागे हटल्या नाहीत. ‘द पिकोलिनो’ हे गाणेही त्यांच्याच आवाजात आहे.

राहिले सहकलाकार. एडवर्ड एव्हरेट हॉर्टन यांचा हॉरेस ऐनवेळी आपली छडी आणि बॅग जेरीच्या हाती देतो, म्हणूनच त्या खुणांवरून पाहणारी डेल चुकीच्या माणसाला हार्डविक समजते. हेलन ब्रॉडरिक यांची मॅज कोरड्या विनोदाने हा घोळ नकळत वाढवत राहते. एरिक रोड्स यांचा फॅशनकार बेडिनी डेलशी रागाच्या भरात झालेल्या लग्नाचा नवरा होतो. आणि ते लग्न लावणारा पाद्री हा वेश पालटलेला हॉरेसचा नोकर बेट्स, म्हणजे एरिक ब्लोर, असल्यामुळेच ते ग्राह्य ठरत नाही आणि डेल जेरीसाठी मोकळी होते.