माकडताप, फेरेट आणि बांद्याहून आलेला राग

नमस्कार. विषाणू लॅबमध्ये मुद्दाम अधिक पसरणारे बनवू नयेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही बांद्याहून रागावून लिहिलंत. तुमची प्रतिक्रिया थोडी कापून इथे देतो, बाकीच्यांना संदर्भ लागेल: "काजूच्या बागेत बसून शास्त्रज्ञांना अक्कल शिकवू नका. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडतापाने माणसं गेली, तेव्हा निदान लॅबनेच केलं. तुमचं ऐकलं असतं तर विषाणूला हात लावायचीही बंदी झाली असती."

निदानाचं अगदी मान्य. मागच्या लेखात मी 'विषाणूंशी खेळ' असं सरसकट लिहून टाकलं, ती माझी चूक. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या संस्थेने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, एनआयव्ही) माकडतापाचा विषाणू शोधला आणि तो गोचिडीतून येतो हे दाखवलं. काजूच्या हंगामात रानात शिरण्याआधी अंगाला गोचीड दूर ठेवणारं तेल चोळायला सांगतात ते त्यामुळेच. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या "माकडा मेली काय ताप इलोच" एवढं सांगायच्या. मधली गोचीड त्यांना कुठून कळणार?

पण पुढचं ऐका. या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या अनेकांना लागण झाली. ती त्यांच्या घरी गेली नाही, शेजारी गेली नाही, कारण माकडताप माणसाकडून माणसाला होत नाही. रानात तो पसरतो तो मुख्यतः गोचिडीतून. ज्याने जोखीम पत्करली, ती त्याच्यापाशीच थांबली.

आता २०११ चा नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा प्रयोग घ्या. बर्ड फ्लूचा एच५एन१ माणसाला क्वचितच होतो, पण नोंद झालेल्या रुग्णांतले जवळपास निम्मे दगावलेत. माणसामाणसांत तो सहज पसरत नाही, म्हणून आपण वाचलो. तिथले विषाणूशास्त्रज्ञ रॉन फुशिए यांच्या गटाने त्यात काही बदल केले, मग एका फेरेटच्या (मुंगसासारखा लहान प्राणी, फ्लूच्या प्रयोगांत वापरतात) नाकातून दुसऱ्याच्या नाकात असा दहा वेळा फिरवला. शेवटी तो हवेतून शेजारच्या पिंजऱ्यात पोचला. हवेतून लागण झालेली फेरेट मेली नाहीत, हेही सांगायला हवं. रानातल्या पक्ष्यांत कोणते बदल दिसले की सावध व्हायचं, हे कळावं हा त्यांचा हेतूही खोटा नव्हता. तरी जी आडकाठी आपल्याला वाचवत होती, तीच त्यांनी हाताने काढली. असा विषाणू निसटला तर जोखीम कुणाची?

१९७८ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला देवी रोगाच्या लॅबच्या वरच्या मजल्यावर काम करणारी एक छायाचित्रकार देवीनेच गेली. तिच्या आईलाही लागण झाली. दोघींचाही त्या संशोधनाशी संबंध नव्हता. आणि शंका फक्त काजूच्या बागेतून निघते असं नाही हो: अमेरिकन सरकारनेच ऑक्टोबर २०१४ मध्ये फेरेटसारख्या, विषाणू अधिक पसरणारा करणाऱ्या प्रयोगांचा निधी थांबवला होता, तो डिसेंबर २०१७ मध्ये, आधी छाननीची अट घालून, पुन्हा सुरू केला.

आणि तुम्हाला वाटलं असेल तर सांगतो, कोविड लॅबमधून आला असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख परत वाचा.

मागच्या लेखातले 'विषाणूंशी खेळ' हे शब्द आज काढले. त्यातला फेरेटच्या प्रयोगाचा परिच्छेद तसाच ठेवलाय.