शह आणि पेंडिंग

माझं बिल काल परत आलं. रकमेत खोट नव्हती, शब्दात होती. मुद्रितशोधनाचे पैसे मागताना मी वर 'फी' लिहिलं होतं. लेखा विभागातल्या मॅडमनी त्याभोवती लाल गोल काढला आणि खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "फी वकील-डॉक्टरांची असते. तुमचं ऑनरेरियम." लोकांच्या चुकांना लाल गोल काढून मी पोट भरते. म्हणजे भरणार आहे. काम देऊन सात महिने झालेत.

बाकावर शेजारी एक काका. मांडीवर फाइल, फाइलवर जाडजूड इंग्रजी कोश.

"ऑनरेरियम!" ते खुशीत आले. "रोमात मानाचं पद मिळालं की पद मिळालेल्यानंच पैसे मोजायचे. त्याला हा शब्द."

"म्हणजे मीच द्यायचे?"

"हळू बोला ताई. मॅडमना सुचेल."

"मला नुसतं पेमेंट हवंय हो."

"पे म्हणजे शांतता! लॅटिन पाक्स. त्यावरून पाकारे, समजूत घालणं. घेणेकऱ्याला गप्प बसवायचं, ते पे."

गप्प मी पैसे न घेताच बसले होते. तेवढ्यात वाटलं, आपणही काहीतरी फेकावं. म्हटलं, "सॅलरी मिठावरून आली ना? सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे."

"मिठाशी नातं आहे. पण पगारात मीठच वाटायचे, याला पुरावा नाही."

माझ्याकडे एवढं एकच ज्ञान होतं, तेही अळणी निघालं. एकीकडे पैसे नाहीत आणि वर शिकवणी फुकट. या माणसाला बाक बदलायला सांगावं असं खरंच मनात आलं.

"पेंडिंगच आहे तुमचं," मॅडम पलीकडून म्हणाल्या. काकांनी पान उलटलं.

"पेंडेरे, म्हणजे टांगणं! पेंड्युलम, गळ्यातलं पेंडंट, सगळं एकाच घरचं. स्टायपेंडमधला पेंडसुद्धा. पैसे तराजूला टांगून तोलत ना."

इथे टांगलेली मी होते.

"चेक निघाला की कळवू," मॅडम.

आता काका बाकावरून अर्धे उठले. "चेक कुठून आला ठाऊक आहे? फारसी शाहवरून! बुद्धिबळात राजावर हल्ला आला की शाह म्हणायचे, तोच आपला शह. अरबी, लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत गेला, चेक झाला. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशेब पटासारख्या चौकटींच्या कापडावर सोंगट्या मांडून करत. म्हणून तिथल्या खजिन्याचं खातं एक्सचेकर!"

म्हणजे सात महिने मी ज्याची वाट बघते आहे, तो शह. तो तर पहिल्याच दिवशी मिळाला होता.

'फी' खोडून मी निमूट 'ऑनरेरियम' लिहिलं, तेही रागानं नीट घोटून. तेवढ्यात काकांचं नाव पुकारलं गेलं. ते चेक घेऊन आले, चष्मा वर करून वाचला, आणि खाली बसले.

"काय झालं?"

"आकड्यात बरोबर आहे. अक्षरी रक्कम चुकली."

चेक परत गेला. काकांनी पुन्हा कोश उघडला. "कर्जाला इंग्रजीत डेट, त्याच्या स्पेलिंगमधला बी बघा. आधी नव्हताच, लॅटिन देबितुमकडे बघून पंडितांनी मागाहून घुसवला. लिहितात सगळे, उच्चारत कोणी नाही."