ड्राय बाल्कनीतील सिंकबाबतच्या तक्रारीस आमचे उत्तर

नमस्कार ताई,

खरकटी भांडी घासण्यासाठी ड्राय बाल्कनीत बसवलेल्या सिंकवर दीड महिन्यात तांबूस ठिपके आले, कोपऱ्याला चुंबक चिकटला, म्हणजे 304 प्रतीचे सांगून आम्ही हलक्या प्रतीचे स्टील गळ्यात मारले, असे आपण लिहिले आहे. आपल्या पहिल्या दोन फोनना दुकानातून उत्तर गेले नाही, ही आमची चूक आहे व तिच्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

‘फसवणूक’ हा शब्द मात्र फार लागला. 304 म्हणजे साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असलेले स्टील. त्याच्या सपाट पत्र्याला चुंबक सहसा चिकटत नाही, पण तोच पत्रा प्रेसखाली दाबून नऊ इंच खोल बाऊल काढला, की जिथे तो सर्वाधिक ताणला जातो त्या कोपऱ्यांना चुंबक थोडा धरतो. स्वस्तातल्या 202 च्या सपाट पत्र्यालाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे या दोहोंतला फरक चुंबकाने कळतच नाही. तो कळतो स्टील तपासण्याच्या टेस्टिंग द्रावणाच्या थेंबाने, कारण 202 मध्ये मँगनीज जास्त असल्याने थेंब लाल होतो. खरेदीच्या दिवशी सिंकच्या काठाखाली तो थेंब मी आपल्यासमोर टाकला होता, तो लाल झाला नव्हता, आणि बिलावरही 304 लिहून दिले आहे.

आमचा माणूस घरी आला तेव्हा बाल्कनीची नवी फरशी ॲसिडने धुतलेली होती व उरलेली बाटली सैल झाकणाने सिंकखालीच होती. त्या ॲसिडची वाफ 304 लासुद्धा खाते. त्याच दिवशी नेलेले, त्याच पत्र्याचे, ओट्यावरचे भाजी धुण्याचे लहान सिंक आजही लख्ख आहे, हे त्याने तिथेच पाहिले. गवंडी बाटली ठेवून गेला, यात आपला दोष आहे असे मी म्हणत नाही. पण आमचाही नाही. नव्या सोसायट्यांतली माणसे एकमेकांना विचारूनच आमच्याकडे येतात, त्यामुळे अशा एका ओळीने आमच्या रोजीरोटीला धक्का बसतो.

या आठवड्यात माणूस पाठवून ठिपके विनामूल्य पॉलिश करून देतो. आपल्यासमोर पुन्हा थेंब टाकू. लाल झाला तर पूर्ण रक्कम परत देईन. फोनची व्यवस्थाही सुधारत आहोत, आणि ॲसिडबाबतची सूचना बिलासोबत देता येईल का, ते पाहतो.

आपला नम्र,
दुकानमालक