‘हॅझर्ड लावून कडेने गेलं की चालतं’ : खुलासा

महामार्गावर बाहेर पडायचा रस्ता चुकला तर हॅझर्ड दिवे लावा, कडेच्या पट्टीवरून उलट दिशेने हळूहळू मागे या, धोका नाही; असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे.

आधी हिशोब बघा. समोरची गाडी ताशी १०० किमीने येतेय आणि तुम्ही उलटे ४० ने जाताय. दोघांतलं अंतर ताशी १४० च्या वेगाने मिटतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. २०० मीटरवर तुम्ही दिसलात तरी हाती पाचच सेकंद. तुम्ही त्याच ४० ने सरळ दिशेने जात असता तर बारा मिळाली असती. ‘हळू’ गेल्याने फार काही वाचत नाही.

हॅझर्डचं तर उलटंच होतं. लुकलुकणारे दिवे दिसले की समोरून येणारा समजतो, गाडी बंद पडलीय. ती आपल्याच अंगावर येतेय हे उमगेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. आणि कडेची पट्टी रिकामी नसते. तिथे कुणी वाकून टायर बदलत असतो, त्याचं लक्ष असलंच तर वाहतूक येते त्या बाजूला. तुम्ही त्याच्या पाठीमागून येता.

रस्ता चुकला तर पुढच्या फाट्यापर्यंत जा. वैताग येतो, मान्य. चुकून उलट्या बाजूला शिरलाच असाल, तर लगेच कडेला घेऊन थांबा, हॅझर्ड तेव्हा लावा, आणि पोलिसांना फोन करा.