रॉयल माइल कोणासाठी राखायचा?

स्कॉटलंडमधल्या एडिंबऱ्याला दोन वर्षे शिकून परतलेल्या निखिलला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर तिथल्या थंडीविषयी विचारले गेले आणि त्याने उत्तर दिले ते रॉयल माइलविषयी. त्याचे म्हणणे असे, की किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा हा सुमारे १.८ किलोमीटरचा रस्ता उत्तम राखलेला असला, तरी त्या रस्त्यावर चौकटीचौकटीच्या लोकरीचे मफलर आणि व्हिस्की हवी तेवढी मिळते, कांदे-बटाटे घ्यायला मात्र दुसरीकडे जावे लागते.

दामल्यांना हे रडगाणे वाटले. इमारतींच्या बांधकामात उभा जन्म गेलेले दामले म्हणाले, की कांद्याचे राहू द्या, आधी भिंत उभी राहिली पाहिजे. त्यांनी १८६१ सालच्या २४ नोव्हेंबरची रात्र सांगितली. पेझली क्लोज नावाच्या बोळाच्या तोंडाशी असलेली जुनी बहुमजली इमारत झोपलेल्या माणसांसह कोसळली आणि पस्तीस जण दगावले. पुढच्याच वर्षी हेन्री लिटलजॉन हे शहराचे पहिले आरोग्याधिकारी झाले, १८६५ साली त्यांनी दाट वस्तीचा आणि रोगराईचा हिशेब मांडणारा अहवाल दिला आणि १८६७च्या कायद्याने जुनी घरे पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. ‘त्या वेळी कोणी वारसा वारसा करीत बसले असते, तर आणखी किती बोळ कोसळले असते?’ असा त्यांचा रोकडा सवाल होता.

सुलभाताईंनी हा सवाल उलटा फिरवला. घरे जुनी होती म्हणूनच पडली, हे त्यांना मान्य नव्हते. डोंगराच्या अरुंद धारेवर जागा नसल्याने इथली घरे वर वाढली होती आणि एकाच जिन्याने मधल्या मजल्यावरचा वकील, तळातला कारागीर आणि माळ्यावरचा हमाल ये-जा करीत असत. १७६७ साली जेम्स क्रेगच्या आराखड्यानुसार दरीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले, १७७२ साली नॉर्थ ब्रिज खुला झाला आणि ज्याला परवडले तो पलीकडे गेला. मागे राहिलेल्या खोल्यांच्या मालकांनी फळ्या ठोकून आणखी खोल्या पाडल्या, भाडे वसूल केले आणि दुरुस्तीकडे पाठ फिरवली. घर म्हातारे होणे वेगळे आणि त्याला बेवारस सोडणे वेगळे, हे ताईंचे म्हणणे मला तरी पटले.

मग त्यांनी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचे नाव काढले. समाजशास्त्र शिकवलेल्या बाईंकडून ते येणारच होते, कारण १९१९ साली मुंबई विद्यापीठात या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून आलेले गेडिस ते हेच. १८८६ साली ते पत्नी ॲनासह रॉयल माइलवरच्या जेम्स कोर्ट या बकाल चौकात राहायला गेले. त्यांनी शेजाऱ्यांना हाताशी धरून भिंती रंगवल्या, उकिरड्यांच्या जागी बागा केल्या आणि सगळेच पाडण्याऐवजी अगदी सडलेला भाग तेवढा काढून उजेड-वारा आत घेतला. हिंदुस्थानातल्या गावांसाठी लिहिलेल्या अहवालांतही त्यांनी रुंद रस्त्यांच्या हव्यासाऐवजी अशीच बेताची शस्त्रक्रिया सुचवली.

‘आणि नंतर तिथे राहिले कोण?’ दामल्यांनी विचारले. हा घाव वर्मी होता. गेडिस यांनी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली आणि किल्ल्याजवळच्या रॅम्से गार्डनमध्ये प्राध्यापक मंडळींना आणले. शिकलेली माणसे परत यावीत हा हेतू चांगलाच होता, पण बोळातल्या हमालाची सोय त्यात फारशी नव्हती, हे ताईंनी काहीशा नाराजीने कबूल केले.

मला स्वतःला या रस्त्यावरच्या एका घराची गंमत वाटते. ज्याला जॉन नॉक्सचे घर म्हणतात ते खरे तर जेम्स मॉसमन या सोनाराचे. स्कॉटलंडची राणी मेरी हिची बाजू घेतल्याबद्दल १५७३ साली त्याला फाशी झाली. त्याच राणीचा कट्टर विरोधक असलेला धर्मसुधारक नॉक्स शेवटच्या दिवसांत तिथे राहिला, ही समजूत पक्क्या पुराव्यावर उभी नाही, तरी एकोणिसाव्या शतकात घर पाडायला निघालेले हात तिनेच अडवले. निव्वळ सोनाराचे म्हणून ते कोणी ठेवले असते, असे मला वाटत नाही. ग्लॅडस्टोन्स लँड या घराला असा कोणी संत लाभला नव्हता. १६१७ साली एका व्यापाऱ्याने घेतलेले ते घर पाडण्याच्या यादीत असताना १९३४ साली एका बाईंनी विकत घेऊन जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला दिले, आणि दुरुस्तीत त्याची सतराव्या शतकातली रंगवलेली छते उघडी पडली.

निखिलचे गाऱ्हाणे मात्र उरलेच होते. १९९५ साली जुने आणि नवे शहर मिळून जागतिक वारसा ठरले, पाहुणे वाढले आणि जिन्यांच्या दारांवर भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी चाव्यांच्या पेट्या लटकू लागल्या. २०२२पासून अख्खे घर पाहुण्यांना देण्यावर शहरभर निर्बंध आले, तर २४ जुलै २०२६पासूनच्या मुक्कामांवर पाच टक्के कर लावायचे नगर परिषदेने ठरवले. दामल्यांच्या मते हा कर दुरुस्तीला पुरला तरी पुष्कळ. निखिलच्या मते कराने शेजारी परत येत नाही.

जाता जाता त्याने पेझली क्लोजच्या कमानीवरचा कोरलेला मुलाचा चेहरा सांगितला. ढिगाऱ्याखालून ‘ओढा रे पोरांनो, मी अजून मेलो नाही’ असे ओरडून वाचलेला हा मुलगा अस्सल स्कॉट्स बोलीत ओरडला होता. कोरणाऱ्याने त्यातले एक-दोन शब्द शिष्ट इंग्रजीत बदलून टाकले. ती अक्षरे आता दुरुस्त करावीत, की दीडशे वर्षांची चूकही वारसाच मानावी, यावर दामले आणि सुलभाताई बसस्टॉपपर्यंत भांडत गेले.